एनएसएसचे तास वेगळे, सीईपीचा प्रकल्प वेगळा

गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जुहू किंवा दादर चौपाटीवर कॉलेजच्या मुलामुलींचे घोळके दिसतात. हातात ग्लोव्हज आणि समोर भरतीने परत आणून टाकलेले मूर्तींचे अवशेष. हे बहुतेक एनएसएसवाले, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे. त्यांच्याच बाजूला वही आणि फोन घेऊन नोंदी करणारा एखादा गट असेल, तर तो सीईपीचा, म्हणजे सामुदायिक सहभाग प्रकल्पाचा असू शकतो. घरच्यांच्या लेखी दोन्ही ‘कॉलेजचं सोशल वर्क’. बऱ्याच विद्यार्थ्यांच्या लेखीही तेच. म्हणून तर ‘एनएसएसला आहेस ना, मग तेच फोटो सीईपीच्या फाइलला लाव’ असा सल्ला सीनियर लोक बिनदिक्कत देतात.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. त्या वेळी तिच्यात ३७ विद्यापीठं होती. त्याआधी बरीच वर्षं एका मुद्द्यावर काथ्याकूट झाला होता: विद्यार्थ्यांना सेवा सक्तीची करायची की ऐच्छिक? राधाकृष्णन यांचा विद्यापीठ शिक्षण आयोग ऐच्छिक म्हणत होता. चिंतामणराव देशमुखांच्या समितीने मात्र कॉलेजात पाऊल टाकण्याआधी नऊ महिने ते वर्षभराची सक्तीची सेवा सुचवली. तिचा खर्च पाहून ती मागे पडली. पुढे शिक्षणतज्ज्ञ के. जी. सैयिदैन यांनी इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास करून ऐच्छिक सेवेच्याच बाजूने कौल दिला. म्हणून आजही एनएसएसला नाव नोंदवायचं की नाही, हे विद्यार्थी ठरवतो. एकदा नोंदवलं की वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर.

सीईपी नवीन शैक्षणिक धोरणातून आला. राज्याच्या पदवी आराखड्यात तो इंटर्नशिप आणि फील्ड प्रोजेक्टच्या शेजारी बसतो. साधारण दोन क्रेडिटचा, म्हणजे सुमारे ६० तासांचा. तो अभ्यासक्रमाचाच भाग असल्यामुळे टाळता येत नाही. देशमुख समितीची सक्ती अशी आडवाटेने परत आली म्हणायची, फक्त ती सेवेची नाही, अभ्यासाची आहे. कारण सीईपीत तुम्ही तुमचा विषय घेऊन वस्तीत जाणं अपेक्षित असतं. एनएसएसमध्ये कॉमर्सचा मुलगा आणि बॉटनीची मुलगी एकच घमेलं उचलतात आणि तिथे त्यांच्या विषयाला काही काम नसतं.

मिळकतही यामुळेच वेगळी. एनएसएसचं खरं शिक्षण शिबिरात होतं. शहापूर-मुरबाडकडे किंवा पालघरच्या एखाद्या पाड्यावर वनराई बंधारा घालायचा असतो. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरायच्या, तोंडं शिवायची आणि साखळी करून ओढ्यात आडव्या रचायच्या. पहिल्या दिवशी मुंबईची मुलं गोणी गच्च भरतात, मग ती कोणालाच उचलत नाही. बंधारा कुठे घालायचा हे गावातली माणसंच सांगतात. पात्र कुठे अरुंद आहे आणि पाणी कुठे तुंबेल हे त्यांना पाठ असतं. इकडे शाळेच्या खोलीत पन्नास जणांच्या जेवणाचं बघायचं असतं. तांदूळ कमी पडला तर कोणाकडे जायचं? भांडी कोण घासणार? रात्री दोन गटांत वाजलं तर कोण मिटवणार? ज्या मुलाने घरी कधी पाण्याचा पेला उचलून ठेवला नाही, तो तिसऱ्या दिवशी ताटं मोजायला लागतो. माणसं सांभाळणं, सरपंचांशी आणि ग्रामसेवकांशी अदबीने बोलणं, दमल्यावरही दिलेलं काम टाकून न जाणं, हे वर्गात शिकवता येत नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या गर्दीत स्वयंसेवक म्हणून उभं राहिलेल्यांनाही यातलं बरंच मिळतं.

पण ओढा का आटला, गावच्या विहिरींची पातळी का खाली गेली, हे प्रश्न शिबिरात क्वचितच विचारले जातात. तिथे सीईपीची गरज लागते.

समजा, बीकॉमचा एक गट कोळीवाड्यात मासे विकणाऱ्या बायकांच्या हिशेबाचा अभ्यास करायला गेला. हातात तयार फॉर्म, त्यात पहिलाच प्रश्न ‘तुमचं महिन्याचं उत्पन्न किती?’ समोरची मावशी हसते. तिचा हिशेब महिन्याचा नसतोच. भाऊच्या धक्क्यावर पहाटे माल कोणत्या भावाने उचलला, बर्फाला आणि टेम्पोला किती गेले, गल्ला कमी पडला तेव्हा उचललेल्या पैशांवर रोजचं व्याज किती आणि संध्याकाळी उरलेला माल पडेल त्या भावाने दिला का, असा तो रोज नव्याने मांडला जातो. शिवाय पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीचं गणित निराळं. म्हणजे फॉर्म फाडून नवा करावा लागतो. आपला प्रश्नच चुकीचा होता, हे कळणं हीच सीईपीची सगळ्यात मोठी मिळकत. पुस्तकातलं खेळतं भांडवल त्या मुलांना पहिल्यांदा खरोखर समजतं, बर्फाच्या लादीच्या भावातून.

अर्थात, हे सगळं प्रकल्प नीट झाला तर. एकेका शिक्षकाकडे अख्खा वर्ग सोपवला की तीन दुपारी, एक गूगल फॉर्म, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भरलेली उत्तरं आणि शेवटी रंगीत पाय-चार्ट एवढंच उरतं. एनएसएसमध्येही एकाच रोपट्याभोवती वीस जणांचे फोटो निघतात, पण तिथे निदान शिबिर खोटं करता येत नाही. माझ्या मते वाईट सीईपीपेक्षा साधं एनएसएस कितीतरी पटीने चांगलं. मात्र चांगल्या सीईपीतून जे हाती लागतं, ते एनएसएसच्या २४० तासांत सहसा लागत नाही.

मुंबई विद्यापीठात या गोंधळात भर घालणारा तिसरा भिडू म्हणजे डीएलएलई, आजीवन अध्ययन व विस्तार विभाग. त्यात स्त्रियांच्या स्थितीचं सर्वेक्षण आहे, अन्नपूर्णा योजना आहे, ‘उडान’ महोत्सवातली पथनाट्यं आहेत. यालाही नाव आपण होऊनच नोंदवायचं असतं आणि एनएसएसप्रमाणे यालाही दहा वाढीव गुण मिळत आले. त्या गुणांपायीच दोन्हीकडे गर्दी व्हायची, हे कोणी मोठ्याने म्हणत नाही इतकंच.

नोकरीच्या किंवा पुढच्या प्रवेशाच्या मुलाखतीत फरक लगेच उघडा पडतो. एनएसएसबद्दल विचारतात ‘किती जणांची टीम होती, अडचण आली तेव्हा काय केलंस?’ सीईपीबद्दल विचारतात ‘काय सापडलं आणि ते कशावरून?’ एकाच्या अनुभवावर दुसऱ्याचं उत्तर देणारा पुढच्याच प्रश्नाला अडखळतो.

दोन्ही करता येतात, करावेतही. शिबिराच्या गावातल्या ओळखी पुढे प्रकल्पाला उपयोगी पडतात, तेवढे तास मात्र दोनदा मोजू नयेत. आणि सीईपी निवडताना गाइड सरांना किंवा मॅडमना आधीच विचारून घ्यावं की अहवाल मराठीत, एका पानात, वस्तीतल्या लोकांनाही द्यायचा आहे का. बर्फ, टेम्पो आणि व्याज यांचा तक्ता त्या मावशींच्या मच्छीमार सोसायटीला कामाचा आहे. स्पायरल बाइंडिंग केलेल्या फाइलचा त्यांना काडीचा उपयोग नाही.