होडीला नंबर पडला, पण मासेमारीचा परवाना काढलात का?

होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा नंबर रंगवला की काम झालं, असं बरेच नवे नौकामालक धरून चालतात. तो नंबर म्हणजे फक्त नोंदणी. राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, जाळं टाकायचं तर महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली वेगळा परवाना लागतो. ट्रकचं आरसी बुक वेगळं आणि परमिट वेगळं, तसंच हे.

क्रम असा: आधी केंद्राच्या रिअलक्राफ्ट पोर्टलवर नौकेची नोंदणी, मग मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज. अर्ज मालकानेच करायचा. तांडेल, म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या, कितीही जुनाजाणता असला तरी परवाना त्याच्या नावाने निघत नाही.

कागदांत आधार, बँक पासबुक, नौका बांधणीचा दाखला, इंजिन खरेदीची पावती, नौकेचे फोटो आणि नोंदणी प्रमाणपत्र जवळ ठेवा. मच्छीमार संस्थेचे सभासद असाल तर तिचा दाखलाही घ्या; पुढे डिझेलच्या परताव्याला संस्थाच कामाला येते. अर्ज अडतो तो बहुतेकदा नावावरून. होडी वडिलांच्या नावावर, पावती भावाच्या, आधार तिसऱ्याचं! अशा वेळी वारसनोंद किंवा हस्तांतरण आधी उरकून घ्या, नाहीतर हेलपाटे ठरलेले.

अर्जात जाळ्याचा प्रकार नीट लिहा. डोलीचा (प्रवाहात रोवून ठेवायच्या पिशवीसारख्या जाळ्याचा) परवाना घेऊन ट्रॉल (नौकेमागून ओढायचं जाळं) ओढता येत नाही. पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यावर, तर फेब्रुवारी २०१६ पासून कडक मर्यादा आहेत, त्यामुळे 'परवाना मिळेलच' या भरवशावर कर्ज काढून नौका बांधायला घेणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. एलईडी दिव्यांची मासेमारी बंदच आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिचा दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत जातो. मासा किती लहान धरायचा नाही, यालाही आता नियम आहे. २०२३ मध्ये ५४ प्रजातींचं किमान आकारमान ठरलं, त्यात पापलेट आहेच. त्याच वर्षी ते राज्यमासा झालं, म्हणजे मान वाढला तसा पहाराही.

१२ मैलांपलीकडे जाणाऱ्या यांत्रिक नौकांना केंद्राच्या नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनुसार प्रवेश पासही लागतो. तो त्याच पोर्टलवर, विनाशुल्क मिळतो. बिगरयांत्रिक होड्यांना तो लागत नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या, खलाशी गावी गेलेले, मालक घरी. कागद गोळा करायला हेच दिवस बरे. ऑगस्टच्या तोंडावर कार्यालयात गेलात तर सगळं बंदर तुमच्या पुढे रांगेत उभं असेल.