दोरे यांच्या ‘डॉन किहोते’तील चित्रे कोरली कोणी?

सेर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीसाठीची प्रसिद्ध चित्रे फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह दोरे यांनी स्वतःच तांब्याच्या पत्र्यावर कोरली, हा बराच काळ फिरणारा समज दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. पॅरिसच्या अशेत प्रकाशनाने १८६३ मध्ये काढलेल्या दोनखंडी फ्रेंच आवृत्तीतील ही चित्रे लाकडी ठोकळ्यांवरून छापली गेली आणि ते ठोकळे कोरले एलिओदोर पिझां यांनी. बॉक्सवुडच्या घट्ट लाकडाच्या आडव्या छेदावर दोरे चित्र रेखाटत, तेही अनेकदा रेषांऐवजी शाईच्या नुसत्या छटा भरून. त्या छटांसाठी रेषा कुठे दाट, कुठे विरळ ठेवायच्या हे कोरणाऱ्यानेच ठरवायचे. कोरणीने काढलेला भाग कागदावर पांढरा राहतो, उरलेला उंचवटा शाई घेतो. म्हणूनच असा ठोकळा खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, मजकुरासोबत एकाच वेळी छापता येई. तांब्याच्या पत्र्यात शाई उंचवट्याऐवजी कोरलेल्या खाचांत भरते, त्यामुळे त्याला ते साधत नाही.

यांपैकी एका प्रसिद्ध चित्रातला खुर्चीत बसून तलवार उगारलेला नायक आणि त्याच्याभोवती दाटलेले राक्षस, ही कल्पना निःसंशय दोरे यांचीच. परंतु त्या गर्दीतला उजेड-अंधार पिझां यांच्या हातचा आहे, आणि त्यांचे नाव गाळणे मला अन्यायाचे वाटते. अनेक पूर्णपान चित्रांच्या तळाशी दोघांच्याही सह्या आहेत.