बेदाण्याच्या पट्ट्यात पांढऱ्या वाईनचे द्राक्ष : पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यातील अथणी तालुक्यात तेलसंग, ऐगळीच्या बाजूला फेब्रुवारी सरत आला की बेदाण्याच्या शेडवर हिरव्या जाळ्या चढतात. तोडलेला माल क्रेटसकट पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात दोन-चार मिनिटे बुडवायचा, निथळू द्यायचा आणि शेडमधल्या जाळीच्या कप्प्यांवर पसरायचा. पंधरा-अठरा दिवसांत साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो आणि तो तासगाव-सांगलीच्या सौद्यांना, म्हणजे लिलावांना, रवाना होतो. बेळगाव सीमाभागातील पांढऱ्या वाईनच्या द्राक्षाची हकीकत या शेडपासूनच सुरू करावी लागते, कारण येथे शेनिन ब्लांकसारख्या जातीला पहिल्यापासून बेदाण्याशीच सामना करावा लागला आहे.

दख्खनमध्ये भोकरी, फकडी अशा बिया असलेल्या जुन्या जाती होत्या. पुढे हैदराबादकडून अनाबेशाही आली. मात्र या पट्ट्याचे रूप बदलले ते थॉमसन सीडलेसने. विल्यम थॉम्पसन या बागायतदाराने १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात रुजवलेली ही बिनबियांची जात तिकडे खाण्यासाठी, मनुक्यासाठी आणि स्वस्त वाईनसाठी अशी तिन्ही अंगांनी वापरली जाई. आपल्याकडे त्यातली पहिली दोन अंगे रुजली. श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवार या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाने तासगाव भागातील शेतकऱ्याला वेलीच्या पानापानाचा हिशेब मांडायला शिकवले. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून ‘तास-ए-गणेश’ निवडली, तर सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ पुढे आणली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि विजापूर जिल्हे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले खरे, पण जत, कवठेमहांकाळ, मिरज या तालुक्यांशी असलेली सोयरीक तुटली नाही. त्यामुळे काड्या, छाटणीचे वेळापत्रक, औषधांची नावे आणि ‘ओलांडा’, ‘डोळा’, ‘विरळणी’ हे सारे शब्द सीमेपलीकडून जसेच्या तसे आले. बेदाण्याला कानडीत ‘ओण द्राक्षी’ म्हणणारा मजूरही बागेत छाटणीला ‘छाटणी’च म्हणतो.

थॉमसनपासून वाईन होत नाही असे नाही. पण ती बेचव होते. या द्राक्षात साखर भरपूर चढते, मात्र सुवास जवळजवळ नसतो आणि पिकता पिकता आंबटपणाही उतरतो. पांढऱ्या वाईनचा जीव तर त्या आंबटपणातच असतो. लाल वाईनला सालीतील रंग आणि तुरटपणा सावरून घेतो; पांढऱ्या वाईनमध्ये साल रसाबरोबर सहसा आंबवत नाहीत, म्हणून उणीव झाकायला काही उरत नाही. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (नवी काडी वाढवण्यासाठी) आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी (घड येण्यासाठी) होते, आणि माल जानेवारी ते मार्च या काळात तयार होतो. म्हणजे युरोपात थंडीकडे झुकणाऱ्या ऋतूत पिकणारे द्राक्ष येथे उन्हाळ्याकडे झुकणाऱ्या ऋतूत पिकते. फेब्रुवारीअखेर दुपारी पारा ३५ अंशांकडे सरकू लागला की मण्यातील आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल झपाट्याने खर्ची पडते, आणि साखर मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवर २२ चा आकडा दिसेपर्यंत रस सपक होऊन बसलेला असतो. यावर उपाय म्हणजे फळछाटणी लवकर उरकणे आणि तोडणी पहाटे करणे. पण छाटणी लवकर घ्यावी तर परतीचा पाऊस फुलोऱ्यावर येतो आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका वाढतो. भूगोलाचीही येथे थोडी थट्टाच आहे. बेळगाव शहराच्या आसपास उंची सुमारे ७५० मीटर आणि रात्री गार, पण तिथे पाऊस इतका की शेत भाताचे. आणि जिथे पाऊस कमी म्हणून द्राक्ष जमते, त्या अथणीकडे उंची कमी आणि ऊन कडक.

वाईनचा उद्योग या पट्ट्याला वळसा घालून वाढला. १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाईन सुरू झाली, १९८८ च्या सुमारास कंवल ग्रोव्हर यांनी बेंगळुरूजवळ दोड्डबळ्ळापूर येथे फ्रेंच जाती लावल्या, आणि २००० च्या सुमारास नाशिकच्या सुला कंपनीने सॉव्हिन्यों ब्लांक व शेनिन ब्लांक बाजारात आणल्या. महाराष्ट्राने २००१ मध्ये वाईन धोरण जाहीर करून राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाईनला अबकारी शुल्कात सूट दिली. सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क आखले गेले. कर्नाटकाचे धोरण २००७ मध्ये आले, वाईन मंडळ स्थापन झाले आणि कृष्णा खोरे वाईनचा एक विभाग म्हणून कागदावर आले. वेल एक, माती एक, पण अबकारी खाती दोन. अथणीचे द्राक्ष पलूसला गाळायला नेण्यास अडचण नव्हती. मात्र त्यावर कोणत्या राज्याची सवलत लागू व्हायची, हा प्रश्न उरायचाच. त्यातच २००८-०९ च्या मंदीत वाईनचा खप घसरला, महाराष्ट्रात करार केलेला माल बागेतच राहिला आणि अनेकांनी वाईनच्या बागा काढून टाकल्या किंवा त्यांवर खाण्याच्या जातींची कलमे भरली. ही बातमी सीमा ओलांडून इकडे यायला कोणत्याही खात्याची परवानगी लागली नाही.

पर्यायी जातींची चर्चा मुख्यतः त्यानंतर पुढे सरकली. शेनिन ब्लांकचे मोठे बळ असे की उन्हातही तिचा आंबटपणा बऱ्यापैकी टिकतो आणि उत्पादनही चांगले येते; दक्षिण आफ्रिकेत तिने याच गुणांवर पाय रोवले. सॉव्हिन्यों ब्लांकचा सुवास मात्र उष्ण फेब्रुवारीत लवकर उडतो, त्यामुळे अथणी-रायबागच्या हवेत तिचा आग्रह धरणे मला शहाणपणाचे वाटत नाही. विओन्ये ऊन सोसते, पण उत्पादन कमी देते. निफाडच्या एका वायनरीने सिसिलीचे ग्रिल्लो लावले. उष्ण बेटावरची ही जात कृष्णाकाठाला अधिक जवळची आहे. हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अनाबेशाही आणि क्वीन ऑफ व्हाइनयार्ड्स यांच्या संकरातून काढलेली अर्का सोमा मस्कत द्राक्षासारख्या सुवासाची असून गोड पांढऱ्या वाईनसाठी सुचवली गेली. खारवटलेल्या, पाण्याची ओढ असलेल्या जमिनीसाठी डॉगरिजचा खुंट (ज्या मुळाच्या वेलीवर कलम भरतात तो) येथे आधीच घरचा झाला आहे. वाईनच्या वेलींसाठी ११० आर, ११०३ पी यांसारखे खुंट वापरले जातात.

वाईनच्या द्राक्षाची खरी सोय मजुरीत आहे. मणी फुगवण्यासाठी जी.ए. (जिबरेलिक आम्ल) या संजीवकात घड बुडवणे नाही, हाताने मण्यांची विरळणी नाही, पेटीत मांडण्याची उस्तवार नाही. मजूर मिळेनासे झालेल्या गावात हा मुद्दा कमी वजनाचा नाही. पण थॉमसनच्या मालाला भाव पडला तर शेड आहे. माल खाण्यासाठी गेला नाही तर बेदाणा होतो आणि शीतगृहात ठेवून पुढच्या सौद्यालाही नेता येतो. शेनिनचा मणी लहान आणि बियांचा. त्याचा बेदाणा कोणी घेत नाही आणि वायनरीचा टेम्पो आठवडाभर उशिरा आला तरी मालाचा आंबटपणा गेलेला असतो. म्हणून लागवडीचा करार पुढ्यात आला की येथला बागायतदार किलोच्या भावाआधी ‘माल उचलणार कधी’ हे विचारतो.