ईमेलमधील प्राप्तकर्त्याचा पूर्ण पत्ता

पाठवलेल्या किंवा फॉरवर्ड केलेल्या ईमेलमध्ये प्राप्तकर्त्याच्या नावाबरोबर त्याचा खरा पत्ताही दिसेल अशी सोय. बहुतेक मेल प्रोग्राम जागा वाचवायला पत्ता झाकतात आणि नुसते नाव दाखवतात. एकाच नावाची दोन माणसे असली, किंवा एकाच माणसाचे घरचा आणि कचेरीचा असे दोन पत्ते असले, की मेल नेमका कुठे गेला ते यामुळे कळत नाही. टाइप करताना सुचवलेला पहिलाच पत्ता न बघता स्वीकारला जातो, आणि चूक 'सेंट' फोल्डरमध्येही लपून राहते.

हेडरमधील, म्हणजे मेलच्या वरच्या माहितीच्या ओळींमधील, 'टू' आणि 'सीसी' या ओळींत आधी नाव आणि मग कोनी कंसात (< >) पत्ता लिहिण्याची पद्धत आहे. १९८२च्या आरएफसी ८२२ या इंटरनेटवरील मेलच्या मानकात ती होती, २००८च्या आरएफसी ५३२२ मध्येही आहे. नाव ऐच्छिक असते, तिथे काहीही लिहिता येते. शिवाय ॲड्रेस बुकमध्ये आपण ठेवलेले टोपणनाव काही प्रोग्राम मूळ नावाच्या जागी दाखवतात.

झाकलेला पत्ता पुसलेला नसतो. जीमेलच्या वेब आवृत्तीत पाठवणाऱ्याच्या नावाखालच्या छोट्या बाणावर क्लिक केले की तो दिसतो. सगळे हेडर हवे असतील तर तीन ठिपक्यांच्या मेनूत 'शो ओरिजिनल' आहे. ॲपल मेलच्या सेटिंग्जमध्ये 'व्ह्यूइंग'खालची 'यूज स्मार्ट ॲड्रेसेस'ची खूण काढावी. थंडरबर्डमध्ये ॲड्रेस बुकमधल्या लोकांचे फक्त नाव दाखवण्याचा पर्याय असतो, तो बंद करावा. आउटलुकमध्ये नावावर क्लिक करून पाहावे लागते.

फॉरवर्ड करताना मात्र गोष्ट वेगळी. साध्या फॉरवर्डमध्ये जुने हेडर मजकूर म्हणून उतरवले जाते. त्यात पत्ता आला नाही, तर पुढच्या वाचणाऱ्याला तो कुठल्याही सेटिंगने मिळत नाही. आउटलुकमध्ये एकाच संस्थेतल्या लोकांची बहुधा नुसती नावेच उतरतात. पत्ता गळण्याचे दुसरे कारण तांत्रिक आहे: एचटीएमएल मेल (वेबपानासारखी मांडणी असलेला मेल) तयार करताना कोनी कंस सांकेतिक रूपात बदलले नाहीत, तर वाचणारा प्रोग्राम त्यांना टॅग, म्हणजे मांडणीची खूण, समजतो आणि आतला पत्ता गिळून टाकतो. नाव तेवढे उरते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

उतरवलेला मजकूर कुणीही बदलू शकतो, तेव्हा पुराव्याला तो कच्चाच. पत्ते जसेच्या तसे हवे असतील तर मेल 'ॲटॅचमेंट म्हणून फॉरवर्ड' करावा. मग पूर्ण मेल ईएमएल (.eml) फाइल म्हणून जोडला जातो, आणि तिच्यात मूळ हेडर शाबूत राहते. पण 'सेंट'मधली प्रत अशी पाठवण्याआधी एकदा तपासावी: पाठवणाऱ्याच्या प्रतीत 'बीसीसी'ची, म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या प्राप्तकर्त्यांची, ओळही असू शकते, आणि तीही फाइलबरोबर जाते. फॉरवर्ड मजकुरातच करायचा असेल, तर ज्या पत्त्यांशी नव्या वाचणाऱ्याचा संबंध नाही ते हाताने खोडावेत.