‘मी’ म्हणणारा कोण? लेखक आणि निवेदक

गेल्या महिन्यात ‘कोसला’ तिसऱ्यांदा वाचून झाली आणि मी ती एका मैत्रिणीला दिली. तिनं अर्ध्यावरच परत केली. म्हणाली, “हा नेमाडे सगळ्यांनाच नावं ठेवतो. बापाला, मित्रांना, प्राध्यापकांना. इतका तुसडा माणूस मला सोसत नाही.” कादंबरी न आवडण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. पण तिचं भांडण भलत्याच माणसाशी चाललंय असं मला वाटलं. नावं ठेवतो तो पांडुरंग सांगवीकर. भालचंद्र नेमाडे हे त्याला बोलतं करणारे.

ही गल्लत आपण सगळेच करतो. मीही कित्येक वर्षं केली, आणि त्यापायी काही चांगल्या कादंबऱ्यांवर अन्याय केला. म्हणून अलीकडे वाचलेल्या आणि पुन्हा वाचलेल्या पुस्तकांच्या आधारानं लेखक आणि निवेदक यांना शेजारी शेजारी उभं करून बघावंसं वाटलं.

लेखक हाडामांसाचा असतो. त्याला जन्मतारीख असते, नोकरी असते, कादंबरीबाहेरचं आयुष्य असतं. निवेदक हा गोष्ट सांगणारा आवाज. तो पहिल्या पानावर जन्मतो आणि शेवटच्या पानावर संपतो. लेखकानं खाडाखोड केलेली असते, प्रकरणं मागंपुढं केलेली असतात, शेवट काय करायचा हे ठरवलेलं असतं. निवेदकाला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला वाटतं, आपण नुसतं घडलं तसं सांगतोय.

‘कोसला’च्या बाबतीत गोंधळ व्हायला कारणंही भरपूर आहेत. नेमाड्यांचा जन्म 1938 सालचा, खानदेशातल्या सांगवीचा. निवेदकाचं आडनाव सांगवीकर. दोघंही गावातून पुण्याला शिकायला आलेले. कादंबरी 1963 साली आली तेव्हा लेखक पंचविशीत होता, आणि पांडुरंगही पहिल्याच ओळीत आपण पंचवीस वर्षांचे असल्याचं सांगतो. इतकी साम्यं असल्यावर वाचकानं दोघांना एकच समजलं तर त्यात नवल काय? पण पुढं बघा. पांडुरंग शिक्षण वाया घालवून, हात हलवत गावी परततो. नेमाडे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, आयुष्यभर लिहीत राहिले, 2014 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. पांडुरंगाच्या हातून एक अख्खी कादंबरी लिहून झाली असती, असं मला त्याच्याकडे बघून तरी वाटत नाही. ज्यानं ती लिहिली तो पांडुरंगापासून चार पावलं मागं सरकून उभा होता.

ते अंतर भाषेत दिसतं. पांडुरंग सतत ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ म्हणतो. पहिल्या वाचनात मला तो लेखकाचा चावटपणा वाटला होता. या खेपेला वाटलं, ही पांडुरंगाची ढाल आहे. कुठलीही गोष्ट पुरती खरी मानायची त्याला भीती वाटते, म्हणून तो प्रत्येक गोष्टीला ‘वगैरे’ची शेपटी लावून टाकतो. त्याची धाकटी बहीण मनी देवीनं जाते तिथं ही ढाल पुरी पडत नाही. त्याचा सगळा आव गळून पडतो आणि आतला पोरगा उघडा दिसतो. ढाल कुठं निसटू द्यायची हे पांडुरंग ठरवत नाही, लेखक ठरवतो. मैत्रिणीनं पुस्तक तिथपर्यंत वाचलंच नव्हतं, याचं मला खरोखर वाईट वाटलं.

लेखक आणि निवेदक वेगळे असतात हे स्वच्छ दिसायला हवं असेल तर पुरुष लेखक आणि स्त्री निवेदक अशी जोडी घ्यावी. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ 1890 नंतर ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. तिच्यात यमू आपली कहाणी स्वतः सांगते: लहानपण, लग्न, वैधव्य, केशवपन. लिहिणारा मात्र तिशीच्या आतला पुरुष. लहानपणीच्या भागात मी आपट्यांना पार विसरले होते. भावाबहिणींच्या रुसव्याफुगव्यांत फक्त यमूच ऐकू येत होती. पुढं काही पानांवर मात्र ती इतकं तोललेलं, वाचकाला उद्देशून बोलू लागते की आपट्यांमधला सुधारक तिच्या तोंडून बोलतोय असं जाणवतं. माझ्या मते ही या कादंबरीची एकुलती एक दुबळी बाजू. केशवपनाचा प्रसंग येतो आणि तो सुधारक पुन्हा मागं सरतो. ती पानं मी एका बैठकीत वाचू शकले नाही.

त्यानंतर साधारण ऐंशी वर्षांनी, 1971 साली, रा. रं. बोराड्यांनी ‘पाचोळा’ लिहिली. सांगणारी खेड्यातल्या शिंप्याची बायको पारबती, बोली मराठवाड्याची. इथं लेखकाचा सूर मला एकाही ओळीत सापडला नाही. नवऱ्याचा हेका आणि घराची होत जाणारी धूळधाण यांच्याविषयी पारबती बोलते ते तिला जेवढं कळतं तेवढंच. त्यापलीकडचं, गावाचं राजकारण आणि माणसांचे मतलब, आपण तिच्या बोलण्याच्या फटींतून ओळखायचं. निवेदकाला कमी कळतं आणि वाचकाला जास्त दिसतं, हे साधणं फार अवघड काम आहे. मराठीत ते इतकं नेमकं साधलेल्या कादंबऱ्या मला बोटांवर मोजण्याइतक्याच माहीत आहेत.

याच कारणासाठी ‘रणांगण’ मला पुन्हा वाचावी लागली. विश्राम बेडेकरांची ही कादंबरी 1939 सालची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि सांगणारा चक्रधर विध्वंस. विशीत वाचली तेव्हा स्त्रियांविषयीची त्याची कडवट वाक्यं मला बेडेकरांचीच मतं वाटली होती आणि मी पुस्तक रागानं मिटलं होतं. आता कळतं, चक्रधर प्रेमात पोळलेला आहे. बोटीवर भेटलेल्या ज्यू मुलीशी, हॅर्टाशीही तो आधी मन राखूनच वागतो. त्याची मतं म्हणजे त्याची जखम. आणि शेवटाकडे हॅर्टाची पत्रं येतात तेव्हा बोलणाराच बदलतो. तोवर चक्रधराच्या डोळ्यांतून दिसलेली मुलगी स्वतःच्या शब्दांत उभी राहते, आणि त्यानं तिला किती अपुरं ओळखलं होतं ते लख्ख दिसतं. त्या पत्रांची जागा बेडेकरांनी निवडली आहे. चक्रधराची बाजूच घ्यायची असती तर त्यांनी ती तिथं ठेवली नसती.

तृतीयपुरुषी कादंबरीतही निवेदक असतो. ‘तो म्हणाला, ती गेली’ असं सांगणारा आवाज कुणाच्या मनात शिरतो आणि कुणाच्या दाराबाहेर थांबतो, एवढं पाहिलं तरी तो ओळखता येतो. पण तिथं ‘मी’ नसल्यामुळे गल्लत कमी होते, म्हणून त्यात फार शिरत नाही.

उलट बाजूचं उदाहरण मात्र हवंच. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आहे. तिथं लिहिणारी, सांगणारी आणि जिच्यावर ते सगळं गुदरलं ती, तिघी एकच. त्यातला एखादा तपशील खोटा निघाला तर आपण लक्ष्मीबाईंना जाब विचारू शकतो. कादंबरीत हा करार नसतो. पांडुरंग खोटं बोलला तर नेमाडे खोटारडे ठरत नाहीत. उलट तो का खोटं बोलतोय याचा शोध घेणं हेच वाचकाचं काम होऊन बसतं.

मग दोघांतली फट कशी ओळखायची? मी एकच प्रश्न विचारते: सांगणाऱ्याला स्वतःविषयी जे कळत नाही ते मला का कळतंय? उत्तर सापडलं की तिथं लेखक उभा असतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) तरुण मास्तर धनगरांच्या वाडीविषयी सांगतो, कारभारी, अंजी, मेंढरं आणि शेवटी दुष्काळानं उठून गेलेली वाडी. स्वतःविषयी तो फार थोडं बोलतो. तरी त्याचा एकटेपणा मला पानापानांत जाणवत राहिला, आणि तो माडगूळकरांनी त्याच्या नकळत तिथं ठेवलाय.

एकाहून जास्त निवेदक असले की लेखकाची निवड आणखी ठळक दिसते. खांडेकरांच्या ‘ययाति’त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं बोलतात, आणि प्रत्येकाला आपलं दुःख सगळ्यांत मोठं वाटतं. पण खांडेकरांना मनापासून जवळचा वाटणारा माणूस माझ्या मते कच, आणि नेमक्या त्यालाच त्यांनी निवेदन दिलेलं नाही. ज्याच्या मुखातून लेखकाला स्वतः बोलणं सगळ्यांत सोपं गेलं असतं, त्याला बाजूला ठेवून त्यांनी चुकणाऱ्या तिघांना बोलू दिलं. म्हणूनच मला ही कादंबरी त्यांच्या इतर कादंबऱ्यांपेक्षा जास्त आवडते.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ 2006 सालची, म्हणजे माझ्या या यादीत सगळ्यांत नवी. तनय आणि अनुजा ही सख्खी भावंडं, दोघंही घरी भाड्यानं राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात. आधी तनय सांगतो, त्याला ‘तू’ म्हणत. मग अनुजा सांगते. तोच माणूस, तेच घर, आणि दोन्ही भागांत तो इतका वेगळा दिसतो की मी दुसरा भाग वाचताना सारखी पहिल्याकडे परत जात होते. त्या तरुणाला नाव नाही, आणि त्याचा स्वतःचा ‘मी’ही कुठं नाही. पुस्तक संपल्यावर कितीतरी वेळ मी त्याच्या वाट्याची पानं मनातल्या मनात शोधत बसले होते.