परावटू अतिस्राव, मूत्रपिंडरोपणोत्तर : औषधोपचार

मूत्रपिंडरोपण यशस्वी होऊनही परावटू ग्रंथींतून (गळ्यात अवटू म्हणजे थायरॉइड ग्रंथीमागे असणाऱ्या, रक्तातील कॅल्शियम वाढवणाऱ्या ग्रंथींतून) संप्रेरकाचा जादा स्राव चालूच राहण्याची अवस्था आणि तिच्यावरील औषधयोजना. दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात शरीरात फॉस्फेट साठते, कॅल्सिट्रायॉल (ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप) घटते व रक्तातील कॅल्शियम उतरते. त्यामुळे या ग्रंथी वाढतात. रोपणाने मूळ कारण दूर होते, पण परावटू पेशी दीर्घायुषी असल्याने वाढलेल्या ग्रंथी आकसायला महिने, कधी वर्षे लागतात. मधल्या काळात कॅल्शियम वाढणे, फॉस्फेट उतरणे, हाडे विरळ होणे आणि क्वचित रोपित मूत्रपिंडात कॅल्शियमचे क्षार साचणे हे परिणाम दिसतात.

दुसऱ्या विकाराच्या प्रतिक्रियेने होणारा अतिस्राव ‘द्वितीयक’, तर मूळ कारण दूर होऊनही ग्रंथी स्वतंत्रपणे चालू ठेवतात तो ‘तृतीयक’. रोपणोत्तर अवस्थेला ‘तृतीयक’ म्हणावे काय, याविषयी मतभेद आहेत. ही संज्ञा १९६३ च्या सुमारास सेंट गोअर यांनी वापरात आणली, असे सामान्यतः मानतात. काही लेखक रोपणानंतर संप्रेरक वाढलेल्या प्रत्येक रुग्णाला ती लावतात. इतरांच्या मते कॅल्शियमही वाढलेले असेल तरच ती योग्य. दुसरे मत अधिक सुसंगत वाटते. गाठीदार वाढ झालेल्या ग्रंथीत कॅल्शियम-संवेदी ग्राही (कॅल्शियमची पातळी ओळखणारी पेशीवरील प्रथिने) व ड जीवनसत्त्वाचे ग्राही दोन्ही कमी झालेले असतात, म्हणून कॅल्शियम वाढले तरी स्राव थांबत नाही. याउलट कॅल्शियम प्राकृत (सामान्य) किंवा कमी असताना संप्रेरक वाढलेले असेल, तर ड जीवनसत्त्वाची कमतरता किंवा रोपित मूत्रपिंडाचे अपुरे कार्य हे कारण असू शकते, आणि ती अवस्था द्वितीयकच ठरते. हा वाद केवळ नावाचा नाही. द्वितीयक प्रकारात कॅल्सिट्रायॉल किंवा त्यासारखे कृत्रिम औषध पॅरिकॅल्सिटॉल उपयोगी पडते. कॅल्शियम आधीच चढलेले असताना तीच औषधे ते आणखी चढवू शकतात.

कॅल्शियम वाढलेल्या रुग्णांत मुख्य औषध सिनाकॅल्सेट. ते कॅल्शियम-संवेदी ग्राहीची संवेदनशीलता वाढवते, त्यामुळे ग्रंथीला रक्तात प्रत्यक्षाहून अधिक कॅल्शियम असल्यासारखे भासते. अमेरिकेत २००४ मध्ये ते डायलिसिसवरील रुग्णांसाठी मंजूर झाले. रोपणोत्तर वापर मंजुरीच्या चौकटीबाहेरचा आहे. सुरुवात बहुधा रोज ३० मिग्रॅ. मात्रेने, जेवणाबरोबर करतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ११४ रुग्णांच्या चाचणीत सिनाकॅल्सेट गटातील सुमारे ७९ टक्के रुग्णांचे कॅल्शियम १०.२ मिग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली आले, तुलनागटात सुमारे साडेतीन टक्के रुग्णांचे. मांडीच्या हाडाच्या मानेची घनता मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. औषध थांबवल्यावर कॅल्शियम पुन्हा चढू शकते. २०१६ मधील ३० रुग्णांच्या एका लहान चाचणीत परावटू ग्रंथींचा बहुतांश भाग काढलेल्या १५ पैकी १५ रुग्णांचे कॅल्शियम वर्षभरात प्राकृत झाले, सिनाकॅल्सेट घेणाऱ्या १५ पैकी १० जणांचे. घनतेतील सुधारणाही शस्त्रक्रियेच्या बाजूने होती. म्हणून वर्षभरानंतरही कॅल्शियम चढलेले असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करण्याकडे कल आहे.

मळमळ व उलटी हे सिनाकॅल्सेटचे नेहमीचे उपद्रव. कॅल्शियम फार उतरू नये म्हणून वारंवार तपासणी करतात. हे औषध यकृतातील सीवायपी-२डी६ या औषधांचे विघटन करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) रोखत असल्याने काही हृद्रोगाच्या व मानसोपचाराच्या औषधांची पातळी वाढू शकते. फॉस्फेट उतरले म्हणून फॉस्फेट भरमसाट देणे टाळतात, कारण त्याने परावटू स्राव उलट वाढतो. एटेलकॅल्सेटाइड हे सिनाकॅल्सेटच्याच वर्गातील औषध डायलिसिसच्या अखेरीस शिरेतून देण्यासाठी असल्याने, डायलिसिस सुटलेल्या रुग्णात त्याचा वापर सोयीचा नाही.