उचल आणि उक्तं: मजुराला पैसा नेमका कशाचा मिळतो?

मजूर टिकत नाहीत, आणि आले तरी काम उरकत नाही. शेतकरी ही दोन्ही दुखणी एका दमात सांगतो आणि दोन्हींवर एकच औषध शोधतो. कुणी उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, कुणी काम उक्तं, म्हणजे रोजाऐवजी कामावर दाम ठरवून, देऊन टाकतो. दोन्हींत पैसा मोकळा सोडल्यासारखा वाटतो, म्हणून गल्लत होते.

उचल कामाआधी मिळते. तिने माणूस बांधला जातो, हात वेगाने चालत नाही. ऊसतोडीत हे स्पष्ट दिसतं. मजूर पुरवणारा मुकादम हंगामाआधी उचल वाटतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि टनामागच्या मजुरीतून ती फिटत जाते. न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. पैसे आधीच खर्च झालेले असताना माणसाला हुरूप येणार कुठून? शिवाय 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने कर्जापोटी माणसाला कामाला जखडणं गुन्हा ठरवलं आहे, हे उचल देणाऱ्यानं विसरू नये.

उक्तं (मराठवाड्यात गुत्तं) म्हणजे झालेल्या कामाचा दाम. सोयाबीन काढणी एकरावर, कापूस वेचणी किलोवर. इथे हात खरोखर चालतो. टोळीत कुणी रेंगाळला तर मालकाआधी सोबतीच हटकतात. आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. रोजाने बाईला पुरुषापेक्षा कमी देण्याची खोड अजून गेलेली नाही, पण किलोच्या काट्याला बाई-पुरुष कळत नाही.

मात्र ज्याचं माप, तेच वाढतं. किलोवर वेचणी दिली की कापसासोबत पालापाचोळाही येतो, आणि भल्या पहाटे दवात वेचलेला कापूस जड भरतो. तो घरात येईपर्यंत मालक खूश असतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत फिरते. कांदा लागवड एकरावर दिली की रोपं विरळ पडतात, एकर मात्र लवकर उरकतो. द्राक्षाच्या विरळणीत, म्हणजे घडातले जादा मणी काढताना, घाईची कात्री मण्याला लागते आणि नुकसान कळतं ते घड भरल्यावर.

म्हणून ज्या कामाची चूक तिथल्या तिथे दिसते, ते उक्तं द्यावं. जिची चूक महिन्याभराने दिसते, ती विरळणी चांगल्या रोजानेच करून घ्यावी. कांद्याला दोन रोपांमधलं अंतर आधीच ठरवून टाकावं आणि लागवड चालू असतानाच बघावं, नंतर भांडून उपयोग नाही. कापसाला दव सुकल्यावरच वेचणी सुरू करायची, आणि स्वच्छ मालाला किलोमागे थोडा जास्त दर बोलायचा. हा दर पहिल्याच दिवशी सांगावा. शेवटच्या वजनाला खूश होऊन हातावर टेकवलेल्या पैशांनी आधीची वेचणी सुधारत नाही.